शिंपीदादांच्या मागची रांग

मी एक जुना प्याला आहे. मित्रांनो, मला पाणी प्यायचा प्याला समजू नका. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी सगळी मंडळी ज्यातून एकेक घोट द्राक्षरस घेते, तो मी. लांबून मी चांदीचा दिसतो. जवळ आलात तर काठावरचा मुलामा झिजून खालचे पितळ डोकावताना दिसेल. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही, कारण तो मुलामा कित्येक पिढ्यांच्या ओठांनी झिजवला आहे.

मला एका तांबटाने घडवले. माणूस हाताचा कुशल, पण डोक्याने गरम. पत्रा ठोकता ठोकता तो स्वतःशीच भांडायचा. त्या भांडणात माझी बैठक जराशी तिरकी झाली आणि मी टेबलावर डुगडुगू लागलो. "चालतंय की, देव काय बैठक बघतो?" असे म्हणून त्याने मला कापडात गुंडाळले आणि चर्चमध्ये पोचते केले.

आमच्याकडची रीत अशी होती. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, "या" म्हणाले की मंडळी रांगेने पुढे येऊन कठड्यापाशी गुडघे टेकत. आधी भाकरीचा तुकडा मिळे, मग मी. प्रत्येकाचा घोट झाला की पाळकसाहेब पांढऱ्या फडक्याने माझा काठ पुसत आणि मला थोडा फिरवून पुढच्याला देत. शेवटी तळाशी उरलेले ते स्वतः पीत, कारण त्यातला थेंबही फेकायचा नाही असा नियम होता.

मी माणसे ओठांवरून ओळखत असे. नव्या नवरीचे ओठ थरथरायचे. म्हाताऱ्या सुताराला दात नव्हते, त्याचे ओठ मऊ लागत. सुईणमावशी मात्र औषध प्यावे तसा एकच ठसठशीत घोट घेत. निम्म्या मंडळीला त्यांनीच जगात आणले होते, त्यामुळे त्या कोणालाच घाबरत नसत.

आणि एक होते शिंपीदादा. सगळे त्यांना टाचणी म्हणत, कारण कपडा बेतताना त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत आणि तशाच तोंडाने ते गप्पाही मारत. एके वर्षी त्यांना छातीचा आजार जडला. दूरच्या रुग्णालयात ते बरेच महिने राहिले. देवाची कृपा आणि औषधांचा गुण, ते बरे होऊन परतले. डॉक्टरांचा निरोप पाळकसाहेबांनी सर्वांना सांगितला की आजार पूर्ण गेला आहे, आता कोणाला लागण व्हायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण मान डोलवणे वेगळे आणि पटणे वेगळे. टाचणी दोरा ओठांनी ओला करून सुईत ओवत आणि दाताने तोडत, हे लोकांना आता एकाएकी आठवू लागले. पुढच्या प्रभुभोजनाला टाचणींनी कठड्यापाशी गुडघे टेकले, तेव्हा शेजारच्या मास्तरांच्या बुटाची नाडी नेमकी सुटली. मास्तर मागे गेले ते गेलेच. उरलेल्यांनी ओठ घट्ट मिटून माझा काठ नुसता टेकवला आणि घोट घेतल्यासारखे केले. पाळकसाहेब फसले असतील, पण मी कसा फसणार? रस माझ्याच पोटात होता, तो तसूभरही कमी झाला नाही.

टाचणींच्या ते लक्षात आले. रविवारची भक्ती संपल्यावर मागच्या खोलीत पाळकसाहेब मला विसळत होते, तिथे ते आले.

"साहेब, पुढच्या वेळेपासून मला शेवटी द्या. सगळ्यांचं झाल्यावर."

"का बरं? डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"डॉक्टरांनी माझी छाती बघितली साहेब. मी लोकांची तोंडं बघितली. देवाच्या मेजावरून माझ्यापायी कुणी उपाशी उठायला नको."

पाळकसाहेबांनी टाचणींच्या खांद्यावर ओला हात ठेवला.

त्यानंतर टाचणी मागच्या बाकावर बसू लागले. सगळे जागेवर परतले की एकटे पुढे येत आणि डोळे मिटून घोट घेत. किती मनापासून घेतलेला तो घोट असे! उपासमार सोसलेला माणूस पहिला घास घेतो, तसा. त्यांच्या मागून उरलेला रस पाळकसाहेब न कचरता पीत. पण पाळकाचे ते कामच आहे, असे म्हणून लोक मोकळे होत. टाचणींचे कौतुकही करत, "काय समजूतदार माणूस आहे!" कौतुकाला पदरचे काय जाते?

सुईणमावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी होत्या. परत आल्या त्याच रविवारी त्यांनी हा प्रकार पाहिला आणि दारातच टाचणींना गाठले.

"का रे टाचण्या, एकटाच शेवटी का गेलास?"

"सवय झाली मावशी."

"सवय तुला झाली की ह्यांना?"

पुढच्या प्रभुभोजनाला मावशी जागच्या हलल्या नाहीत. मंडळी जाऊन आली, टाचणींचाही घोट झाला, तेव्हा कुठे त्या उठल्या. "गुडघे धरलेत मेले, म्हणून मागे राहिले," असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. पाळकसाहेबांनी फडके उचलले, तर त्यांनी हात धरला.

"राहू द्या, पुसू नका. जन्मला तेव्हा ह्याला पहिली आंघोळ मीच घातलीय."

आणि टाचणींचे ओठ जिथे लागले होते, तिथेच ओठ लावून त्यांनी त्यांचा तो ठसठशीत घोट घेतला. टाचणी तिथेच गुडघे टेकून होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दुपारी मंडळीत कोणाला जेवण गोड लागले नसावे. पुढे काय झाले ऐका, म्हणजे तुम्हालाही तसेच वाटेल. पुन्हा प्रभुभोजनाचा रविवार आला. पाळकसाहेब मला हातात धरून म्हणाले, "या." कोणीच उठले नाही. मास्तर छताकडे पाहत होते. सुतार गीतांच्या पुस्तकात डोके खुपसून बसला होता. प्रत्येकाने मनाशी ठरवले होते की आज आपण टाचणींच्या मागून जायचे, आणि एकानेही ते दुसऱ्याला सांगितले नव्हते! पाळकसाहेबांना घाम फुटला. आपल्या उपदेशात काही चुकले की काय, या भीतीने त्यांनी मला घाईने टेबलावर टेकवले, आणि मी तर मुळातच डुगडुगणारा.

मागच्या बाकावर टाचणी वाट पाहत होते. मग त्यांचा चेहरा उतरला. आपण इथे आहोत म्हणूनच आज कोणी प्याल्याला शिवत नाही, असे त्यांना वाटले. ते उठले आणि हळूच दाराकडे वळले. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती.

"अरे तिकडे कुठे?" मावशी म्हणाल्या. "पुढे हो. तू गेल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

टाचणींना काही उमगेना. तेव्हा मास्तर उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "मला तुमच्या मागून यायचंय, दादा."

"मलापण," सुतार म्हणाला. मग बाकाबाकांवरून माणसे उठू लागली.

टाचणी पुढे आले. त्यांचे ओठ इतके थरथरत होते की पहिल्यांदा त्यांना घोट घेताच येईना. दुसऱ्यांदा जमला, तेव्हा माझा तर जीव भांड्यात पडला, आणि हे एका भांड्यानेच सांगितलेले बरे. त्यांच्या मागे मास्तर, मग सुतार, मग बाकीचे. पाळकसाहेब काठ पुसायचे विसरले आणि कोणी आठवण केली नाही. प्याल्यात देव उतरतो तो कसा, यावर शहाणी माणसे वाद घालतात. मी भांडे, मला त्यातले काय कळणार? पण त्या दिवशी तो तिथे होता, हे मी शपथेवर सांगेन.

आता टाचणी नाहीत, मावशीही नाहीत. हल्ली प्रत्येकाला काचेचा चिमुकला पेला मिळतो. ते स्वच्छ आहे, सोयीचे आहे, माझी तक्रार नाही. मी कपाटात असतो. कधीमधी मला कोणी घासूनपुसून ठेवले तर बरे वाटते.

पण मित्रांनो, माझे मागणे निराळे आहे. आपल्यामुळे कोणी अवघडू नये म्हणून आपणहून शेवटी उभा राहणारा कोणीतरी तुमच्या वर्गातही असेल. त्याला समजूतदार म्हणून मोकळे होऊ नका. एकदा गुपचूप त्याच्या मागे जाऊन उभे राहा. तो वळून पाहील, तेव्हा त्याचा चेहरा नीट बघा. मी तो अगदी जवळून पाहिला आहे.