रापणीवरचा फोटो

तारकर्लीच्या योगिनीबाई शाळेतून निवृत्त झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २००८ साली, मुंबईच्या मुलाने त्यांना एक कॅमेरा आणि कानात घालून ऐकायचा एमपीथ्री आणून दिला. त्यात फोटोग्राफीचे इंग्रजी पॉडकास्ट भरले होते. बाई तांदूळ निवडतानाही ते ऐकत. एकदा त्यातला माणूस म्हणाला, "आता हा फोटो नीट बघा," आणि बाईंनी खरंच एमपीथ्री उलटसुलट करून पाहिला.

त्यांना फोटो हवा होता तो हिराचा. हिरा त्यांची बालमैत्रीण, मासे विकणारी. आता ती कायमची लेकीकडे मुंबईला चालली होती. हिराचं हसणं किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. पण कॅमेरा समोर धरला की तिचा चेहरा निवडणूक कार्डावरच्यासारखा होई.

"जरा हस गो."

"सांगल्यार हसूक येणा नाय, बाईनू."

तिच्या गावातल्या शेवटच्या सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरीने ओढायचं लांबलचक जाळं, ओढायची होती. माणसं कमी असली की हिराही दोरीला लागायची. पॉडकास्टवाला कोवळ्या सोनेरी उन्हाचं फार कौतुक करी. बाई त्या उन्हाची वाट बघत वाळूत उभ्या राहिल्या. पण आपल्याकडे सूर्य उगवतो माडांच्या मागे, किनारा सावलीतच. नेम धरायला बाई दोन पावलं पाण्यात गेल्या, लाट आली, तोल गेला आणि त्यांनी समोरची दोरी धरली.

"बाईंनी हात लावल्यानी रे!" रापणीचा म्होरक्या शंकर ओरडला.

दोरीला हात लावला की तो माणूस रापणीचा. त्याने ओढायचं आणि वाटा घ्यायचा. हे बाईंना लहानपणापासून ठाऊक होतं.

"शंकर, अरे मी पडत होते."

"पडा, पण वडा," हिरा दोरी ओढता ओढता म्हणाली. "आता जाळा भायर येयपर्यंत सुटका नाय."

बाईंनी गळ्यातला कॅमेरा पाठीकडे सरकवला, पदर खोचला आणि ओढू लागल्या. पलीकडे ऊन माडांवरून उतरलं, सोनेरी झालं, पांढरं झालं. फोटोची वेळ हातातून गेली, असं बाईंना प्रत्येक हिसक्याला वाटत होतं.

जाळं आलं. तारली चमचमत वाळूवर पसरली. वाटे पडले. बाईंकडे टोपली नव्हती. शंकरने इकडेतिकडे पाहिलं नि त्यांच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची मऊ अस्तराची, महागडी पिशवी उघडी दिसली, तीत सगळी तारली ओतली.

"अरे मेल्या, मुलाने हौसेने घेतलीय ती!" बाई ओरडल्या. पिशवीतून एक मासळी उडून त्यांच्या पदरात पडली.

हिरा वाळूतच बसली. गुडघ्यावर थापा मारत, डोळे मिटून, उरलेले चार दात दाखवत हसत सुटली. बाईंनी ओल्या हाताने कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं. ऊन डोक्यावर, चौकट तिरकी, कोपऱ्यात शंकरचा अर्धा पाय.

हिराने छोट्या पडद्यावर पाहिलं आणि हसू थांबलं.

"बाईनू, माझी आवस अशीच हसाची. तिचो एकव फोटो नाय."

मग तिने डोळे पुसले, आईलाच धरावं तसा कॅमेरा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि दोरी गुंडाळणाऱ्या सगळ्यांना हाक मारली, "येवा रे, माझी आवस बघूक येवा."