दवाखान्यातून रज्जाक बोलतोय

आमच्या शेवगावच्या दवाखान्याला एक मदत मंडळ आहे. कोरोना ओसरल्यावर कर्मचारी आणि पेशंट, दोघांच्याही मनाची काळजी घ्यायची असं मंडळाने ठरवलं. अध्यक्ष दत्तोपंत निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे समोर येईल तो त्यांना विद्यार्थीच वाटतो. सुरुवात आमच्यापासून झाली. पुण्याहून एक बाई आल्या, त्यांनी आम्हाला सतरंजीवर झोपवलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा, समुद्र आठवा." मी समुद्र पाहिलेला नाही. मुळा धरण आठवलं आणि घोरायला लागलो. अहवालात माझ्या नावापुढे 'उत्तम प्रगती' असा शेरा पडला.

मी रज्जाक, अँब्युलन्सचा ड्रायव्हर. कोरोनाच्या वर्षी ऑफिसातली माणसं आजारी पडली आणि पेशंटच्या घरी फोन करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. बरा झालेला पेशंट हसत आपल्या पायांनी घरी जायचा. माझा फोन जायचा तो एकाच कामासाठी. "दवाखान्यातून रज्जाक बोलतोय," एवढं म्हटलं की पलीकडे रडारड सुरू. तेव्हापासून मी फोनवर बोलत नाही. लेक अलफिया सोनईला दिली आहे, तिचा फोन आला तरी बायकोच्या हातात देतो. लेक रागावते. तिला काय सांगू? मला माझ्याच आवाजाची किळस आली होती. एकदा, निदान एकदा तरी माझा आवाज ऐकून कुणी रडू नये, एवढंच मला हवं होतं.

आणि दत्तोपंतांनी नेमकं मलाच फोनवर बसवलं. बरे झालेले पेशंट आणि ज्यांचं माणूस गेलं ती घरं, सगळ्यांची विचारपूस करायची.

"रज्जाकभाई, आवाज काय दमदार आहे तुमचा! बोललात की तुमचंही मन मोकळं होईल."

"सर, मला जमायचं नाही हे."

"आधी प्रयत्न, मग तक्रार," असं म्हणून त्यांनी उत्तरं भरायचा एक फॉर्म आणि वळणदार अक्षरातला कागद माझ्या हातात ठेवला. 'सप्रेम नमस्कार. आपल्या फुफ्फुसांचे कुशल कळवावे.'

पहिला फोन बरा होऊन गेलेल्या घोडेगावच्या रामहरीला. नंबर दवाखान्याचा तोच, आवाजही माझा तोच. मी "दवाखान्यातून" म्हणालो मात्र, रामहरी ओरडला, "अगं, दवाखान्याचा फोन!" घरात हंबरडा फुटला. शेजारी धावले. कुणीतरी बांबू आणायला निघालंसुद्धा. घरातली सगळी माणसं घरातच आहेत, दवाखान्यात आपलं कुणीच नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला पाच मिनिटं लागली. रामहरीची आई अंगणात शेंगा फोडत होती, तीही रडत होती. कोण गेलं, हे तिने विचारलंच नव्हतं. मग हे सगळं ऐकवत रामहरीने मला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. त्या फॉर्मवर कुठे लिहायच्या, असं मी दत्तोपंतांना विचारलं.

"इतर अभिप्राय या रकान्यात," ते मान वर न करता म्हणाले.

अजून एकच फोन करायचा आणि कागद परत करून गाडीवर जाऊन बसायचं, असं मी ठरवलं. यादीत पुढचं नाव पाथर्डीकडच्या बायडाबाईंचं होतं. त्यांचे मालक, आसाराम, कोरोनात आमच्या वॉर्डात गेले होते. फोन मीच केला होता.

"मावशी, घाबरू नका, कुणीही गेलेलं नाही, मी दवाखान्यातून रज्जाक बोलतोय," मी एका दमात म्हणून टाकलं.

पलीकडून आवाज आला, "तू त्योच ना? आसाराम गेला म्हनून सांगनारा?"

"होय मावशी. मीच."

"मुडद्या, दोन शब्द बोलून फोन आपटलास. मागून मी किती येळा लावला. उचलला का कुनी?"

नव्हता उचलला. त्या दिवशी अजून बरीच घरं बाकी होती, पण ते तिला कशाला ऐकवायचं? "चुकलं माझं," मी म्हणालो.

"मंग आता सांग. शेवटाला काय म्हनला त्यो?"

दत्तोपंतांच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. तुमचं नाव घेतलं, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्या सकाळी वॉर्डात चहाची किटली मीच नेली होती, आणि मला सगळं लख्ख आठवत होतं.

"चहावरून भांडले, मावशी. सिस्टर म्हणाल्या, शुगर वाढलीय, साखर मिळणार नाही. तर म्हणाले, ऊस आमी तोडायचा आन् साखर तुमी कपाटात कोंडायची व्हय?"

बायडाबाई हसली. खदखदून हसली. "त्योच! त्योच बोलनार असलं!" हसता हसता तिला खोकला लागला, आणि तो काही थांबेना. मी कागद बाजूला सारला.

"हा खोकला कधीपासून?"

"दिवाळीपास्नं."

"तपासायला या, मावशी."

"त्या दवाखान्याची पायरी मी न्हाई चढनार."

तिला काय म्हणून बळजबरी करणार? मग म्हणालो, "सोमवारी मीच गाडी घेऊन येतो."



"भोंगा वाजवू नगंस, गाव गोळा हुईल," ती म्हणाली. "आन् आत मला एकटीला सोडून जाऊ नगंस. तिथं तुझ्याबिगर माझ्या वळखीचं कोन हाय?"