वाचलेली दाढ

"डावी दाढ किडलीय, दाखवून घे," हे मी खारूला दाताच्या कण्या करून सांगत होते. खारू माझी मावसबहीण. विद्यापीठात शिकते, माझ्याच खोलीत राहते. गार पाणी प्यायली की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. मी पैसे देते म्हटलं, तर म्हणायची, "नको गं ताई, भाडं तूच भरतेस. फीबरोबर विमा काढलाय ना, त्यातच होईल."

शेवटी मीच तिच्यासमोर स्पीकरवर फोन लावला. विमा कंपनीतल्या बाई भलत्याच लाघवी.

"तपासणी, सफाई, कीड भरणं, यातलं काही बसत नाही हो. विद्यार्थ्यांना दातांसाठी फक्त अपघात. पडलात, दात तुटला, तर सगळा खर्च आमचा."

"म्हणजे आधी थोबाड फोडून घ्यायचं?" मी खवळले.

बाई हसल्या. खारूही हसली. चला, पोरीनं हसण्यावारी नेलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. खारू ग्रंथालयाच्या जिन्यावर पडली होती. मी धापा टाकत दवाखान्यात पोचले, तर ही खुर्चीत, तोंडाला रक्ताळलेला रुमाल. समोरचे दोन दात अर्धे उडालेले. ज्यांच्यावरून मावशीनं तिला खारू नाव ठेवलं, तेच दोन.

डॉक्टरबाई एक्स-रे बघायला आत गेल्या. माझं लक्ष खारूच्या हातांकडे गेलं. माणूस पडताना आधी हात टेकतो. हिच्या तळव्यांवर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"खारू, काय केलंस तू?"

"कठड्यावर डावी बाजू आपटायची होती गं," ती पुटपुटली. "ऐन वेळी मान वळली."

हिला थोबाडावं की पोटाशी धरावं, काही कळेना.

डॉक्टरबाई हसतमुखानं बाहेर आल्या. "समोरचे दोन्ही विम्यात बसतील. काळजी करू नका."

"आणि ती डावी दाढ?" मी कसंबसं विचारलं.

"ती जुनी कीड आहे, ती नाही बसणार. ती लवकर भरून घ्या, नाहीतर काढावी लागेल. पण नशीब बघा, एवढं पडूनही त्या दाढेला धक्कासुद्धा लागलेला नाही."

खारूनं तोंडावरचा रुमाल बाजूला केला.

"ताई, म्हणजे परत पडावं लागणार?"

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.