चोविसाव्या शिपायाची माळ

उत्तरेश्वरनं टाचणीच्या टोकावर भेगा बुजवायची लांबी जिऱ्याएवढी घेतली आणि चोविसाव्या शिपायाच्या गळ्यातली पहिली चीर बुजवली. कपाळाला भिंग बांधलेलं, श्वास रोखलेला. शिपाई अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्या गळ्यातली माळ म्हणजे सात-आठ ठिपके आणि दर ठिपक्याच्या मधोमध ही बारीक चीर. ओतीव पुतळ्यांत असे दोष राहतात, रंगाआधी ते भरून घ्यावेत, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. तेवीस शिपायांचे दोष त्यानं भरून घेतले होते.

पुस्तक विलायतेचं, नेटवरून उतरवून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून बांधून आणलेलं. तिकडं मोठी माणसं असे शिपाई रंगवून टेबलावर जुन्या लढाया खेळतात, हे मोबाइलवर पाहिल्यापासून या इतिहासाच्या मास्तरला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा नाद लागला होता. पुस्तकात ‘वॉश द्या’ असं होतं म्हणून पहिल्याच महिन्यात त्यानं पाच शिपाई नळाखाली साबण लावून धुतले होते. वॉश म्हणजे खाचांत उतरणारा पातळ काळा रंग, हे कळेपर्यंत पाचांचेही अंगरखे मोरीतून वाहून गेले. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आता मात्र हात बसला होता. परवा शाळेच्या प्रदर्शनात अख्खी तुकडी मांडायची होती. पाटीही तयार होती: ‘मराठा पायदळ’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘डोक्याला मुंडासं, कमरेला शेला, गळ्यात मोत्यांची माळ’.

धुरपताबाई चहा घेऊन आली. मोतीबिंदू काढल्यापासून त्याच्या आईला सगळंच जवळून बघायची हौस आली होती. तिनं कप ठेवला, टेबलावरचं हातभिंग उचललं आणि रंगवून झालेल्या शिपायांवरून फिरवत फिरवत लेकाच्या हातातल्या करड्या, बिनरंगी शिपायावर आणलं.

“ह्याच्या गळ्यात कवड्या हायती की रं.”

“मोती हायेत माय. पुस्तकात लिवलंय.”

“मोत्याला मधी चीर असती व्हय?”

उत्तरेश्वरनं भिंग खाली ओढलं आणि नीट पाहिलं. पहिली चीर त्यानं आत्ताच बुजवली होती, बाकीच्या उघड्या होत्या. चिरेच्या दोन्ही कडांना दातरेही होते. इतके बारीक दात ओतणाऱ्यानं मुद्दाम कोरले होते आणि तो गेले तीन दिवस ते गुळगुळीत करत बसला होता.

“आन् पायी लढणाऱ्याला मोती कुठनं आलं?” आई सहज म्हणाली.

हे तर इतिहासाच्या मास्तरला आधी सुचायला हवं होतं. पण मास्तर राहू द्या. ज्याला आईच्या गळ्यातल्या कवड्या धरून उभं राहायला शिकवलं गेलं, त्या पोराला कवडी ओळखू आली नव्हती. उत्तरेश्वरला लाज वाटली. त्यानं पाटी उलटी करून ठेवली.

धुरपताबाई आराधी होती. ढोकीजवळच्या त्यांच्या गावात मंगळवार-शुक्रवार गळ्यात भवानीची कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन ती पाच घरी जोगवा मागायची आणि बायका पायलीत हात घालून ओंजळभर पीठ वाढून तिच्या पाया पडायच्या. तीन वर्षांपूर्वी उत्तरेश्वरनं धाराशिवात, मास्तरांच्या कॉलनीत घर बांधलं आणि तिला आणलं. पहिल्याच मंगळवारी ती परडी घेऊन निघाली. संध्याकाळी समोरच्या वैदेही मॅडम हसत हसत त्याला म्हणाल्या, “सर, तुमच्या आई आल्या होत्या. मी ओळखलंच नाही हो, शिळी पोळी आणायला आत गेले होते.” त्यांच्या मनात काही नव्हतं. पण उत्तरेश्वरला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईला सांगितलं, की इथं जोगवा नको, इथली माणसं वेगळी.

“माळ बी?” तिनं विचारलं होतं.

त्यानं पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, “माळ बी.”

तेव्हापासून तिचा गळा मोकळा होता. जिथं पन्नास वर्षं माळ टेकली होती, तिथल्या कातडीचा एक फिकट पट्टा तेवढा उरला होता. तो पट्टा पाहायचं उत्तरेश्वर टाळायचा. टाळायची सवयही झाली होती.

चहावर साय धरली.

“माय, तुझी माळ दाखव.”

“कशाला?”

“रंग बघायचाय.”

तिनं ट्रंक उघडली. खणाच्या चिंधीत गुंडाळलेली माळ काढून तिनं टेबलावर शिपायांपुढं ठेवली. कवड्या पांढऱ्या नव्हत्याच. वापरून वापरून जुन्या दातांसारख्या पिवळ्या पडल्या होत्या आणि चिरांमध्ये हळदीकुंकू बसलं होतं. त्यानं पिवळ्यात थोडा मातकट रंग कालवला, कागदावर लावून पाहिला, पुसला. मग ब्रश खाली ठेवला.

“अशी ठिवून कळंना. गळ्यात घाल.”

धुरपताबाईनं माळ उचलली आणि तशीच हातात धरून थांबली. समोरच्या फाटकाची कडी वाजली होती. वैदेही मॅडम स्कूटी आत घेत होत्या.

“दार लावून घेऊ का?” तिनं हळूच विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उत्तरेश्वर उठला. खुर्ची उचलून त्यानं व्हरांड्यात, रस्त्याकडं तोंड करून ठेवली.

“हितं बस. उजेड चांगला हाय.”

ती बसली. पदर सारखा करून तिनं माळ गळ्यात घातली. कवड्या बरोबर त्या फिकट पट्ट्यावर जाऊन बसल्या. समोरून मॅडमनी काहीतरी विचारलं. मान वर करून उत्तर द्यायचं धैर्य उत्तरेश्वरला झालं नाही, आईनंच दिलं.

तो उंबऱ्यावर टेकला आणि टाचणीनं चोविसाव्या शिपायाच्या पहिल्या कवडीतली ओली लांबी उकरून काढू लागला. बाकीच्या तेवीस जणांची वाळून घट्ट झाली होती.