दर तासाला पुसलेली नावे

मित्रांनो, मी एक जुना नावशोध्या आहे. हे नाव माझे मीच ठेवले आहे, कारण मला नाव द्यावे असे आजवर कोणाला वाटलेले नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात जिन्याखाली एक जुना संगणक ठेवला आहे. त्याचा धुळीने माखलेला पत्रा तुम्हाला दिसेल, बटण दिसेल. मी दिसणार नाही. मी त्याच्या आत, कर्नेलमध्ये असतो. कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणता प्रोग्राम कधी चालायचा, कोणाला किती जागा द्यायची, हे सगळे तो बघतो. त्याच्या हाताखाली माझ्याकडे एकच काम आहे. कोणी फाइलचे नाव घेतले की ती कुठे आहे ते सांगायचे.

काम हलके वाटले ना? सगळ्यांना तसेच वाटत आले आहे.

फाइल अशी एकदम हाताला लागत नाही. आधी 'ड्रॉइंग' नावाचे दार शोधायचे, त्यातून आत गेले की गिऱ्हाइकाच्या नावाचे, मग पंपाचे, मग पंपाच्या झाकणाचे. दर दाराशी थांबून नाव विचारायचे. ही नावे लिहिलेली असतात हार्ड डिस्कवर, आणि आमची डिस्क जुन्या वळणाची, गरगर फिरणारी. तिला विचारून यायचे म्हणजे दर प्रश्नाला उद्यमबागेतून कोल्हापूरला जाऊन परत यायचे. म्हणून एकदा विचारलेले नाव मी जवळच्या मेमरीत ठेवून देतो. मला अक्षरे वाचता येत नाहीत. नावाचा आकार तेवढा ओळखतो आणि आकारावरून त्याचा खण ठरवतो. तेच नाव पुन्हा आले की थेट त्या खणात हात घालतो.

मला घडवणारी माणसे कुठकुठल्या देशांतली. त्यांतल्या कितीतरी जणांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. पूर्वी मी दर दाराला कडी लावून नाव बघत असे. मध्येच कोणी दार हलवू नये, म्हणून ती काळजी. पण तोवर मागे रांग लागायची. त्या माणसांनी वर्षानुवर्षे डोके शिणवून मला कडी न लावता चालायला शिकवले. सरळ चालत जा, शेवटी बघ, वाटेत काही हलले असेल तर पुन्हा चाल. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कितीतरी लहान वेळ वाचवण्यासाठी ती आपसांत भांडली. त्यांचा तो घाम माझ्या अंगात आहे.

आणखी एक सांगून ठेवतो, पुढे ते लागणार आहे. मी असलेली नावे जपतो, तशी नसलेलीही जपतो. प्रोग्राम मोठे विसराळू असतात. जिथे फाइल नाही तिथेच पुन्हा पुन्हा मागतात. पहिल्या वेळी मी डिस्कपर्यंत जातो, सगळे धुंडाळतो, आणि 'नाही' घेऊन येतो. मग ते 'नाही' नावाला चिकटवून जवळ ठेवतो. पुढच्या वेळी खेप वाचते. माझ्या खणांत अशी कितीतरी नावे असतात, ज्यांचे जगात काही उरलेले नाही.

फाउंड्रीचे मालक हरिभाऊ. बेळगावातल्या जुन्या घराण्यातले, बोलायला मऊ. त्यांनी संगणक आणला आणि ड्रॉइंगचे काम नीलमकडे दिले. नीलम खानापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. रोज लाल बसने यायची. साचे करणाऱ्यांचा मिस्त्री होता नागोजी. तो दारात येऊन भागाचे नाव सांगायचा, नीलम ड्रॉइंग काढून छापून द्यायची. तो कागद बघून साचा जुळायचा, मग भट्टीतला रस त्यात ओतायचा. वितळलेल्या लोखंडाला इथे रस म्हणतात. कागदाला उशीर झाला की साच्याला उशीर, आणि साच्याला उशीर झाला की भट्टीत रस तयार होऊन ताटकळतो.

सकाळी संगणक सुरू झाला की माझे खण कोरे असत. पहिले ड्रॉइंग यायला वेळ लागे. एकदा नागोजी दाराला टेकून म्हणाला, "लई जड उठतंय गं हे तुजं. माज्या म्हाताऱ्या म्हशीगत."

नीलम म्हणाली, "म्हशीला तुम्ही उठवताय कसं, अण्णा?"

"म्हशीचं सोड. रस घ्यायच्या आदी आमी लेडल तापवून घेतोय न्हवं? गार लेडलात रस घातला की गोठतोय. तुज्या डब्याला बी तापवून बघ की."

रस वाहून नेणाऱ्या भांड्याला ते लेडल म्हणतात. नागोजीने थट्टा केली होती. नीलमने ती मनावर घेतली. दुसऱ्या दिवसापासून ती एक गाडी आधी येऊ लागली. त्या दिवशी कोणकोणते भाग ओतायचे आहेत ते विचारून घ्यायची, आणि कोणी मागायच्या आधीच त्यांची ड्रॉइंगे एकेक करून उघडायची आणि बंद करायची. आत काय होते ते तिला ठाऊक नव्हते. आत मी दारोदार फिरून नावे गोळा करत होतो, खण भरत होतो. मग दिवसभर नागोजीने नाव उच्चारायचा अवकाश, कागद बाहेर. तो कौतुकाने म्हणायचा, "तापलंय बघ लेडल."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते एवढेच. मी आहे हे तिला माहीत नव्हते, पण माझ्याशी कसे वागावे ते तिला कळले होते.

हरिभाऊंनी तिला शब्द दिला होता, दसऱ्याला कायम करतो म्हणून. घरच्यांनी तिला सांगून ठेवले होते, कायम झालीस तर कर नोकरी, नाहीतर दिवाळीनंतर स्थळे बघू. पावसाळाभर ती दसऱ्याकडे डोळे लावून होती.

श्रावणात हरिभाऊंचा पुतण्या श्रीनाथ पुण्याहून आला आणि कारभार बघू लागला. त्याला स्वच्छतेची आवड. त्याने शेड झाडून घेतली, जुन्या पेट्या हलवल्या. मग एक दिवस माझ्यासमोर बसून त्याने पडद्यावर एक पट्टी काढली. मेमरी किती भरली ते दाखवणारी. पट्टी तांबडी होती.

ती तांबडी होती माझ्यामुळे. मेमरीतली बरीचशी जागा माझ्या नावांनी आणि फाइलींच्या मजकुराने भरलेली असते. पण ही जागा कोणी वापरत नाही म्हणूनच आम्ही तिथे असतो. दुसऱ्या कोणाला हवी झाली की जुनी नावे सोडून मी उठतो. मला तसेच घडवले आहे. हे कळण्यासाठी कोणाला तरी विचारावे लागले असते.

श्रीनाथने कोणाला तरी फोन लावला आणि एक आज्ञा लिहून घेतली. ती देताच माझे सगळे खण एका दमात रिकामे झाले. पट्टी हिरवी झाली. तो म्हणाला, "बघा काका, अर्ध्या मिनिटात मोकळा केला." हरिभाऊंनी चष्मा वर करून पाहिले आणि चांगले झाले म्हणाले. मग ती आज्ञा दर तासाला आपोआप चालावी अशी सोय श्रीनाथने करून ठेवली.

त्या दिवसापासून दर तासाला माझे घर धुऊन निघू लागले. मी नावे गोळा करायचो, ती पुसली जायची. पुन्हा कोल्हापूरच्या खेपा. नीलमने सकाळी केलेली मेहनत तासाभरात वाया जायची. पट्टी मात्र नेहमी हिरवी. श्रीनाथ येता-जाता ती पट्टी बघायचा आणि समाधानाने मान हलवायचा.

उशीर होऊ लागला. नागोजी दारात येऊन म्हणायचा, "भट्टी वाट बघाय लागलीया, आन् तुजं चित्र अजून वाटंतच व्हय?" नीलम ओशाळायची. एकदा कोल्हापूरला माल नेणारा ट्रक दिवसभर फाटकाशी उभा राहिला. श्रीनाथने हिशेब मांडला तो असा. मशीन मोकळे केले आहे. तरी उशीर होतो आहे. म्हणजे उशीर मशीनमुळे होत नाही.

नीलमने तिला ठाऊक होता तो उपाय वाढवला. काम अडले की ती पुन्हा सगळी ड्रॉइंगे उघडून बंद करायची. दर तासाला तिचे बोट आणि माझे पाय. आम्ही दोघे मिळून एका फुटक्या घागरीत पाणी भरत होतो, आणि घागर फुटकी आहे हे तिला दिसत नव्हते.

त्याच सुमारास समोरच्या रस्त्यावरच्या एका युनिटने आमच्यासारख्याच पंपाच्या झाकणाचे काम घेतले. श्रीनाथच्या मनात पाल चुकचुकली, ड्रॉइंग इथूनच तर बाहेर गेले नसेल? एका दुपारी तो न बोलता नीलमच्या मागे येऊन उभा राहिला.

"ही ड्रॉइंगे कोणी मागितली?"

"कोणी न्हाय, सर. उघडून ठेवली की मग लवकर मिळतात."

"उघडून बंद पण केलीस."

"व्हय. एकदा उघडलं की पुरतं."

"संगणक म्हणजे काय चहाचं भांडं आहे, तापवून ठेवायला?"

नीलमला वाटले तो थट्टा करतो आहे. ती हसली. तिने नागोजीची लेडलची गोष्ट सांगितली. श्रीनाथने ती पूर्ण ऐकली आणि हळूच म्हणाला, "कोणासाठी उघडतेस, तेवढं सांग."

मित्रांनो, माझ्याकडे उत्तर होते. माझ्या खणांत त्या क्षणी तिची साक्ष भरलेली होती. तिने उघडलेले प्रत्येक नाव मी जपून ठेवले होते, आणि का ठेवले होते ते मला माहीत होते. पण मला फक्त फाइल कुठे आहे तेच विचारले जाते. त्याने ते विचारले नाही. थोड्या वेळाने तास भरला आणि ती साक्षही पुसली गेली.

नागोजी मात्र गप्प बसला नाही. हातावरची काळी वाळू न धुताच तो हरिभाऊंपुढे जाऊन उभा राहिला. "मालक, मीच सांगिटलंतं तिला. चेष्टा केलती. पोरगी सरळ हाय." हरिभाऊंनी ऐकून घेतले. पुतण्याकडे पाहिले, मग टेबलावरच्या काचेकडे पाहिले. "आता श्रीनाथ बघतो ते सगळं," ते म्हणाले. शब्द त्यांनी दिला होता, श्रीनाथने नव्हे.

खंडेनवमी आली. भट्टीला, लेडलांना, कानशींना हळद-कुंकू लागले. ऑफिसातली पूजा दरवर्षी नीलम करायची. तिने संगणकाचा पत्रा पुसला, झेंडूची माळ घातली, कुंकवाचे बोट लावले, हात जोडले. उद्या दसरा होता. ती नवी साडी नेसून आली होती. प्रसाद वाटून झाल्यावर श्रीनाथने तिला बोलावले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. पंगतीत वाढप्याला पुरे म्हणून सांगतात, तितक्याच सहज.

ती म्हणाली, "मी काय नेलं, ते तरी सांगा."

तो संगणकाकडे वळला. ती पिशवी घेऊन निघाली. नागोजी फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेला. आत श्रीनाथ माझ्यासमोर बसला आणि त्याने संगणकातून नीलमच्या नावाचे दारच काढून टाकले, आतल्या तिच्या सगळ्या फाइलींसकट. नियमाप्रमाणे मी तिच्या नावाला 'नाही' चिकटवले. बाहेर पत्र्यावर तिच्या बोटाचे कुंकू अजून ओले होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. उशीर थांबला नाही. मग मी म्हातारा झालो असे ठरले आणि नवा, महागाचा संगणक आला. श्रीनाथने त्यातही पहिल्या दिवशी तीच आज्ञा घालून ठेवली. त्याचीही पट्टी हिरवी असते. नवी बाई ओरडा खाते. मला जिन्याखाली ठेवून कामगारांच्या अंगठ्याची हजेरी लावायला दिली आहे. मध्यंतरी नागोजी अंगठा लावताना वॉचमनला सांगत होता, की नीलम निपाणीला मावशीकडे असते आणि बिडीच्या पुड्यांवर लेबले चिकटवते. पोरीवर चोरीचा बोल आला म्हटल्यावर स्थळेही थबकली. "लेडल तापवाय सांगिटलं आन् पोरगीच भाजली," तो म्हणाला, आणि अंगठा पुसून आत गेला.

माझ्याजवळची नावे पुसता येतात. मी जे पाहिले ते पुसायची आज्ञा अजून कोणाला सापडलेली नाही, म्हणून हे सांगू शकलो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. मला त्याचा आता उपयोग नाही. पण कुठे काही भरलेले दिसले, तर ते ओतून देण्याआधी ते कोणाच्या कामाचे आहे ते विचारा. आणि कोणी विनाकारण काही करताना दिसले, तर का करतोस म्हणून जरूर विचारा. मात्र विचारल्यावर उत्तर खरे धरायची तयारी ठेवा. तिने उत्तर दिले होते.

इथे छपाईचा जुना प्रोग्राम अजून चालू आहे. त्यातून नीलमचे नाव काढायला सगळे विसरले. तो दर थोड्या वेळाने तिची फाइल मागतो, आणि मी जवळचे 'नाही' काढून देतो. आता तास भरत आला आहे. ते 'नाही'सुद्धा पुसले जाईल. मग तो पुन्हा विचारेल, नीलम आहे का. मी नव्याने डिस्कपर्यंत जाईन, दारे धुंडाळीन, आणि परत येऊन सांगेन, नाही.