बाबांच्या मापाची पँट

आत्याचं दुकान जेमतेम दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढं. तीस वर्षं तिने एकच काम केलं होतं, लोकांचे सैल कपडे मापात आणायचं. त्यामुळे भाची आपल्या बापाची ढगळ पँट घालून चौकात नाचायला निघाली की तिचा जीव कसनुसा व्हायचा. कमरेला नाडीने आवळलेली, पायात घोळणारी, वर रंगाचे शिंतोडे. लोक म्हणत असतील, बाप गेला आणि पोरीच्या अंगावर धड कपडा नाही.

भाची सतराची. आई लहानपणीच गेलेली, रंगारी बाप गेल्या वर्षी. तेव्हापासून ती आत्याकडे. एका जागी ठरत नाही म्हणून बापानेच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती.

एकदा भिंगरी कॉलेजला गेल्यावर आत्याने ती पँट मशीनवर घेतली. कंबर चार इंच आत घेतली, पाय अरुंद केले, जादा कापड कात्रीने उडवलं, कडक इस्त्री फिरवली. काम इतकं सुबक झालं की तिची तीच खूश.

संध्याकाळी भिंगरीने पँट उचलली, कमरेला लावून पाहिली आणि तशीच खाली ठेवली.

"अगं, तुझ्या बाबाचीच आहे," आत्या घाईघाईने म्हणाली. "फेकली थोडीच? तुझ्या मापाची केली."

"मला बाबांच्या मापाची हवी होती, आत्या."

आवाज चढवला नाही, काही नाही. कॉलेजच्याच कपड्यांत ती चौकात निघून गेली. आत्याला ते जास्त लागलं.

थोड्या वेळाने दुकानाला कुलूप लावून तीही चौकात गेली. दहा-बारा पोरंपोरी घाम गाळत होती, कुणाचेच कपडे अंगाबरोबर नव्हते. त्यांच्यातली एक उंच मुलगी आत्याला ओळखून पुढे आली. तिच्या जॅकेटच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"हे दादाचं," ती हसून म्हणाली. "ही तऱ्हा आमची नाही हं, आत्या. लांबलांबच्या शहरांतल्या पोरांकडून आलीय. म्हणतात, थोरल्यांचे कपडे धाकट्यांच्या वाट्याला यायचे आणि ती पोरं तेच घालून नाचायची. बघणाऱ्यांना वाटलं, स्टाइल आहे. मग काय, जगभर झाली!"

घरी येऊन आत्याने सगळी शिवण उसवली. पण कापलेलं कापड थोडंच परत जुळणार? मग तिने पेटीच्या तळातून भावाचा निळा चौकड्यांचा शर्ट काढला. त्याच्या लांब पट्ट्या कापून तिने पँटच्या दोन्ही बाजूंना कमरेपासून घोट्यापर्यंत जोडल्या. भावाचं माप तिला टेप न लावताही पाठ होतं.

घरी आल्यावर भिंगरी पट्टीवरून बोट फिरवत राहिली. "तू बाबांचा शर्ट ठेवला होतास? कधी बोलली नाहीस."

"माझाही भाऊ होता ना गं तो."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी चौकात सगळ्यांच्या नजरा त्या निळ्या पट्ट्यांवर. आठवड्याभरात पोरं दुकानात येऊन धडकली. कुणी आईच्या जुन्या पडद्याचा तुकडा आणला, कुणी आजोबांच्या कोटाचं अस्तर. आत्या आयुष्यात पहिल्यांदा कपडे सैल करायला बसली आणि हसतहसत म्हणाली, "उलटी गंगा वाहायला लागली बाई!"

पुढच्या वर्षी बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या काचेत तशीच पँट टांगलेली दिसली. चौकड्यांची पट्टी, वर मुद्दाम मारलेले रंगाचे शिंतोडे. भिंगरीचा पारा चढला. "चोर आहेत सगळे! यांना काय माहीत कुणाचा शर्ट तो!"

आत्याने आत जाऊन पँट उलटी करून पाहिली. पट्टी नुसती वरून मारलेली, टाके लांबलांब.

"चार धुण्यांत उसवेल," ती बाहेर येऊन म्हणाली. "असू दे. घेईल कुणीतरी पोर, नाचेल. तुझ्या बाबाला गंमतच वाटली असती."

भिंगरीला हसू फुटलं. तिने आत्याच्या दंडात हात अडकवला आणि आपणहून सांगायला लागली, बाबा शिडीवर चढून कशी शीळ घालायचे, खालून हिने रंगाचा डबा कसा सांडला होता. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्याबद्दल एवढं बोलत होती. घर जवळ आलं, तशी आत्याने मुद्दाम पावलं हळू केली.