पुलीवरची लाल खूण

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मेन्टेनन्स सांभाळलेल्या पद्माकर कर्णिकांचा देवावर विश्वास बेताचाच होता. खुणेवर मात्र पूर्ण. यंत्रावर खूण असली की ती मानायची, तिच्याशी वाद घालायचा नाही. त्यामुळे कारेलीबागेतल्या त्यांच्या पार्किंगमध्ये १९६९ सालची दोन आसनी इटालियन गाडी तीन महिने खोकत होती, तरी ते खूण सोडून सगळ्यांना दोष देत होते. पेट्रोलला दिला, प्लगना दिला, एकदा बडोद्याच्या हवेलाही दिला.

दिवाळीनंतर त्यांनी इंजिनाचा दातेरी पट्टा बदलला, तेव्हापासून हे सुरू होतं. हा पट्टा कॅमशाफ्ट फिरवतो आणि झडपांनी कधी उघडायचं, कधी मिटायचं हे कॅमशाफ्ट ठरवतो. या गाडीला कॅमशाफ्ट दोन. म्हणजे हुकूम सोडणारे दोघं. त्यांचं आपसात जुळलं नाही तरी संसार चालतो, पण चढ चढवत नाही.

प्रश्न चढाचाच होता. त्यांच्या पत्नी उषाताईंनी सांगून टाकलं होतं, "रविवारी माझ्या बहिणीकडे, नलिनीकडे हरणीला जेवायला हीच गाडी न्यायची. वाटेतल्या पुलावर बंद पडली, तर पीयूषला देऊन टाकायची. मग तिचं नाव काढायचं नाही."

पीयूष वरच्या मजल्यावरचा. त्याला ती आपल्या रेस्टॉरंटच्या दारात उभी करायची होती. इंजिन काढून, त्या जागी कुंड्या ठेवून.

रविवारी सकाळी आठलाच पद्माकरांनी बॉनेट उघडलं. पहिला पिस्टन अगदी वर आलाय का, हे बघायला लांब, बारीक, गुळगुळीत असं काहीतरी हवं होतं. त्यांनी प्लगच्या भोकात ते घातलं आणि पान्ह्याने इंजिन हळूहळू फिरवलं.

"अहो, ही माझी विणायची सुई!" उषाताई मागे उभ्या होत्या.

"दोन मिनिटं. बघ, पिस्टन वर आला. आता दोन्ही कॅमशाफ्टच्या टोकांच्या या पुल्या बघ. डावीवरची कोरलेली रेघ बाणासमोर आहे. उजवीवरची लाल खूण बाणासमोर आहे. खुणा बरोबर आहेत. इंजिनच चुकतंय."

उषाताई वाकल्या. "हा लाल ठिपका माझा आहे."

"तुझा म्हणजे?"

"दसऱ्याला लावलेला. तुम्हीच म्हणालात ना, बॉनेटवर नको, रंगाला डाग पडतो, आत लाव. कुंकू तेलात कालवून लावलं. एवढा ठसठशीत नव्हता मात्र."

नव्हताच. पट्टा बदलताना, हीच मूळची खूण, पुसट झालीय, असं समजून पद्माकरांनी तिच्यावर लाल ऑइलपेंट दिला होता. बारीक ब्रशने, श्वास रोखून.

रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन त्यांनी पुली घासली. काळ्या मळाखाली, बरोबर एका दाताच्या अंतरावर, कोरलेली रेघ निघाली.

"तीन महिने तुझ्या कुंकवावर इंजिन चालवलं मी."

"चाललं ना? मग कुरकुर कसली?"

त्यांनी पट्टा सैल केला, पुली एक दात सरकवली, पट्टा ताणला, इंजिन हाताने दोनदा फिरवून सुईने पुन्हा खात्री केली आणि चावी फिरवली. खोकला नाही, थरथर नाही. गाडी भरल्या पोटी माणूस बोलतो तशी बोलू लागली.

तेवढ्यात पीयूष खाली आला. "काका, चावी तैयार छे ने?"

"एकदम तैयार छे," म्हणत काकांनी गिअर टाकला.

पुलाचा चढ गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. मांडीवरचा बासुंदीचा डबा घट्ट धरत उषाताई म्हणाल्या, "अहो, जरा हळू."

गेल्या तीन महिन्यांत या गाडीला असं कुणी म्हणालं नव्हतं. पद्माकरांनी मुद्दामच ऐकलं नाही.

संध्याकाळी त्यांनी कोरलेल्या रेघेत पांढरा रंग भरला आणि लाल ठिपका पुसायला थिनरचा बोळा उचलला, तर गॅलरीतून आवाज आला, "पुसायचं नाही! पूजेचं आहे."

तेव्हापासून त्या बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, कारखान्यातल्या सुवाच्य अक्षरात: 'पांढरी खूण – इंजिन. लाल खूण – उषा. दोन्ही राखाव्यात.'